विद्यार्थ्यांचे मूल्यमापन आणि स्थलांतरित मुलांची शाळा

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव बालाघाटाच्या पठारावर वसलेले असून तेथील भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे ते दूरवर परिचित आहे. हलकी जमीन आणि पावसावर अवलंबून असणारी शेती हे या परिसराचे वैशिष्ट्य होय. खरिपाची सुगी आटोपली की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्याने नवरा-बायको मिळून होणाऱ्या ‘कोयत्या’ला घरी थांबता येत नाही. मागे सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही बिऱ्हाडाबरोबर फडावर जातात. गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचे वर्ष मात्र जूनच्या मध्यावर उघडते आणि एप्रिलअखेर संपते. म्हणजे अभ्यासक्रमाचा उत्तरार्ध ज्या महिन्यांत शिकवला जातो आणि वर्षाची परीक्षा घेतली जाते, नेमके तेच महिने या मुलांना शाळेबाहेर काढावे लागतात.

मूल्यमापनाचा शास्त्रीय विचार पुष्कळ झालेला आहे. त्यातील बहुतेक विवेचन मूल वर्षभर वर्गात बसलेले असते असे गृहीत धरून केलेले असते. अर्धे वर्ष वर्गात आणि अर्धे वर्ष फडावर असणाऱ्या मुलाचे मूल्यमापन कसे करावयाचे, हा प्रश्न मात्र या पठारावरील शिक्षकांपुढे दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर उभा राहतो. मूल्यमापनाचे निरनिराळे प्रकार या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले, तर प्रत्येकाचा उपयोग कोठवर होतो आणि कोठे थांबतो, हे अधिक स्पष्ट होते.

मोजमाप आणि मूल्यमापन

एखाद्या मुलीला गणितात पन्नासपैकी बावीस गुण मिळाले, हे मोजमाप झाले. तिला काय येते, काय येत नाही आणि उद्या तिला काय शिकवावे, याचा निर्णय त्या मोजमापाच्या आधारे करणे म्हणजे मूल्यमापन होय. पहिल्यावाचून दुसरे होत नाही. परंतु पहिले करून दुसरे सोडून देण्याची सवय आपल्या शाळांना फार जुनी आहे. निकालपत्रकावर बावीस हा आकडा चढला की काम संपले, असे मानले जाते. वास्तविक शिक्षकाचे काम तेथून सुरू व्हावयाचे असते.

वजाबाकीचे एक साधे उदाहरण घेता येईल. ५२ मधून २८ वजा करावयाचे आहेत. बरोबर उत्तर २४. वर्गातील एका मुलाचे उत्तर ३६ येते, दुसऱ्याचे ३४ येते, आणि तिसरा २४ हे उत्तर अचूक काढूनही पाटीवरून वहीत उतरवताना ४२ लिहितो. परीक्षेच्या हिशेबाने तिघांनाही शून्य गुण. पहिल्या मुलाने एककस्थानी दोनमधून आठ जात नाहीत हे पाहून सरळ आठमधून दोन वजा केले. त्याला हातच्याची वजाबाकी मुळीच उमगलेली नाही. दुसऱ्याने दशक सुटा करून बारामधून आठ बरोबर वजा केले, पण पाच दशकांपैकी एक वापरला गेला हे तो विसरला. त्याला अर्धे समजले आहे. तिसऱ्याला गणित येते, अंक उतरवताना लक्ष राहत नाही. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हाती देऊन पुन्हा प्रारंभापासून शिकवावे लागेल, दुसऱ्याला पाच-सहा उदाहरणांत वाटेवर आणता येईल आणि तिसऱ्याला वजाबाकी पुन्हा शिकवणे हा त्याच्या व शिक्षकाच्याही वेळेचा अपव्यय ठरेल. चुकीच्या प्रकारावरून चुकीचे कारण शोधणाऱ्या अशा तपासणीस नैदानिक मूल्यमापन म्हणतात. वैद्याने नाडी पाहावी तसे हे काम असून त्याला छापील प्रश्नपत्रिका लागत नाही. वही शांतपणे पाहणे आणि “हे तू कसे केलेस?” असे मुलाला विचारणे, एवढे पुरते.

पाढ्यांपासून श्रेणीपर्यंत

गावोगावच्या जुन्या पंतोजींच्या शाळांत लेखी परीक्षा हा प्रकार नव्हता. धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेतली जात आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकीपासून औटकीपर्यंतचे पाढे तोंडी म्हणवून घेतले जात. त्या पद्धतीत समजून घेण्यापेक्षा घोकण्यावर भर होता हे खरे. तथापि कोणता मुलगा कोणत्या पाढ्यावर अडतो, हे पंतोजीला रोजच्या रोज ठाऊक असे. इंग्रजी अमदानीत वार्षिक लेखी परीक्षा आणि इन्स्पेक्टरची तपासणी यांचे वर्चस्व वाढले. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्राची शिक्षणव्यवस्था येथे लागू झाली. त्याबरोबर तिची परीक्षापद्धतीही आली.

स्वातंत्र्यानंतर परीक्षा सुधारण्याचा विचार सातत्याने होत राहिला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने एकाच बाह्य परीक्षेवर मुलाचे भवितव्य अवलंबून ठेवण्याच्या प्रथेवर टीका केली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अंतर्गत मूल्यमापन व संचयी नोंदपत्रके यांची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मूल्यमापन वर्षभर सतत चालणारे आणि मुलाच्या सर्व अंगांना स्पर्श करणारे असावे, असे सांगितले. या विचारांना कायद्याचे बळ मिळाले ते बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१० रोजी, महाराष्ट्र शासनाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत जाहीर केली.

आकारिक आणि संकलित

या पद्धतीत मूल्यमापनाचे दोन भाग करण्यात आले. शिकणे चालू असताना, त्याला वळण देण्यासाठी केले जाते ते आकारिक मूल्यमापन. ठरावीक काळानंतर, त्या काळात एकंदर काय साध्य झाले हे पाहण्यासाठी केले जाते ते संकलित मूल्यमापन. हा भेद शब्दांत प्रथम मांडला तो मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ मध्ये. ‘आकारिक’ हा शब्द कानाला काहीसा परका वाटतो. परंतु आकार देणारे ते आकारिक, असे लक्षात ठेवले तर तो अर्थवाही आहे. चाकावर गोळा फिरत असतानाच कुंभाराचा हात त्याला आकार देतो. मडके भाजून निघाल्यावर ते वाजवून पाहता येते, पण तेव्हा वाकडेपणा दूर करता येत नाही.

लहान वर्गांत आकारिक भागाला अधिक वजन देण्यात आले. पहिली-दुसरीसाठी आकारिक ७० टक्के व संकलित ३० टक्के, तिसरी-चौथीसाठी ६० व ४०, पाचवी-सहावीसाठी निम्मे निम्मे, आणि सातवी-आठवीसाठी ४० व ६० असे हे प्रमाण ठरले. गुणांऐवजी अ-१ पासून ई-२ पर्यंत श्रेणी आल्या. आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, पूर्वसूचना न देता घेतलेली छोटी चाचणी व स्वाध्याय अशी साधने सुचविण्यात आली. त्यांच्या जोडीला मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करण्यासही वाव ठेवण्यात आला.

या साधनांची नावे पाठ असणे निराळे आणि ती वापरता येणे निराळे. लिंबागणेशच्या दैवताचेच नाव घ्या. भालचंद्र म्हणजे कपाळी चंद्र धारण करणारा. चंद्रकलांचा पाठ शिकवताना मुलांना महिनाभर रोज सायंकाळी आकाश पाहून चंद्राची आकृती वहीत काढण्यास सांगितले, तर तो उत्तम उपक्रम होईल. महिनाअखेर काही वह्यांत तीस सुबक आकृत्या ओळीने काढलेल्या असतील. दुसऱ्या एखाद्या वहीत पौर्णिमेपर्यंतच्या आकृत्या असतील आणि त्यापुढे ‘सायंकाळी चंद्र दिसला नाही’ एवढेच लिहिलेले असेल. निरीक्षण खरे कोणी केले, हे जाणकार शिक्षकाच्या तत्काळ ध्यानात येते. कारण पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो आणि सायंकाळी तो दिसतच नाही. गणपतीच्या गावातील मुलांना हे सांगण्यास फार प्रयास पडू नयेत. संकष्टीचा उपवास सोडण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांना चंद्रोदयाची वाट पाहत रात्री किती वेळ थांबावे लागते, हे त्यांनी पाहिलेले असते. येथे मूल्यमापन करावयाचे ते आकृतीच्या सुबकपणाचे नव्हे. अपुऱ्या वहीला अधिक श्रेणी देण्याचे धैर्य ज्या शिक्षकाला होते, त्याला आकारिक मूल्यमापन समजले असे म्हणावयास हरकत नाही.

तोंडी येते, कागदावर येत नाही

ग्रामीण भागातील शिक्षकांचा एक सार्वत्रिक अनुभव असा की, दुकानातून सामान आणताना उरलेले पैसे चटकन मोजून घेणारे मूल तेच गणित फळ्यावर मांडल्यावर गोंधळते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा असा अभ्यास टेरेझिना नुनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांची सुमारे ९८ टक्के उत्तरे या मुलांनी बरोबर दिली. तीच आकडेमोड केवळ अंक मांडून कागदावर दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. अभ्यास पाचच मुलांचा होता. पण त्याने जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांना विचार करावयास लावले.

फडावरून परतलेल्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. मोळ्या मोजणे, गाडी किती टनांची भरली आणि त्याचे किती पैसे झाले याची चर्चा ऐकणे, आठवड्याच्या खर्चीतून किराणा आणणे, हे सारे त्याने सहा महिने केलेले असते. अशा मुलापुढे पहिल्याच दिवशी लेखी चाचणी ठेवली की त्याचे सहा महिन्यांचे नुकसान तेवढे दिसते, कमाई दिसत नाही. तोंडी मूल्यमापन येथे अधिक न्याय्य ठरते. वाचनाचेही तसेच आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘असर’ पाहणीत प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे बसवून अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी ते कोठवर वाचू शकते, हे पाहिले जाते. एका मुलामागे काही मिनिटे लागतात आणि शिक्षकाला नेमकी पायरी सापडते.

नोंदवहीचे दुखणे

आकारिक मूल्यमापनाचा प्राण म्हणजे वर्णनात्मक नोंदी. राज्यातील प्रगतीपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने आले ते याच हेतूने. व्यवहारात काय घडले हे मात्र मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अशा नोंदींच्या तयार याद्या बाजारात आल्या आणि पुष्कळ ठिकाणी त्यांतील वाक्ये क्रमाने उतरविली जाऊ लागली. ‘हस्ताक्षर वळणदार काढतो’, ‘दिलेला स्वाध्याय वेळेत पूर्ण करतो’, ‘गणिताचा सराव आवश्यक’ ही वाक्ये कोणत्याही मुलाला लागू पडतात. म्हणूनच ती कोणालाही उपयोगी पडत नाहीत. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, त्यात माहिती भरण्याची इतर कामे, आणि तपासणीस आलेला अधिकारी नोंदी वाचण्याऐवजी त्या मोजतो, ही परिस्थिती असेल तर भरलेले रकाने आणि रिकामे मूल्यमापन हाच परिणाम होणार.

शेरा कसा असावा, याविषयी एक प्रयोग उद्बोधक आहे. इस्रायलमधील रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना त्यांच्या कामावर केवळ गुण दिले, काहींना केवळ कामाविषयीचा शेरा दिला आणि काहींना गुण व शेरा दोन्ही दिले. पुढील कामात सुधारणा दिसली ती केवळ शेरा मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. आकडा पाहिल्यावर पुढचे वाचावयास कोण थांबतो? मात्र शेरा ‘छान’ किंवा ‘प्रयत्न कर’ असा असून भागत नाही. ‘दशक सुटा केलास, पण उरलेले दशक मोजावयाचे राहिले’ हा शेरा मुलाला पुढचे पाऊल दाखवितो.

फडावर जाणारी नोंद

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात दोन मार्ग उपलब्ध झाले आहेत. पहिला, हंगामी वसतिगृहांचा. आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मुलाने गावातच राहून शाळा पूर्ण करावी, यासाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ही व्यवस्था केली जाते. जेथे ती नीट चालते तेथे मूल्यमापनाचा प्रश्न बराचसा मिटतो. दुसरा मार्ग शिक्षण हमी कार्डाचा. मूल कुटुंबाबरोबर जातच असेल, तर मूळ शाळेने हे कार्ड द्यावयाचे आणि कारखान्याच्या परिसरातील शाळेने ते पाहून मुलाला वर्गात घ्यावयाचे. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवून आवश्यक ते विशेष शिक्षण द्यावयाचे, ही तरतूद २००९ च्या कायद्यातच आहे.

कार्डाचे खरे मोल त्यावर काय लिहिले आहे यावर ठरते. समजा, चौथीतील एक मुलगी दसऱ्यानंतर आई-वडिलांबरोबर सातारा जिल्ह्यात जाणार आहे. तिच्या कार्डावर ‘मराठी क-१, गणित क-२’ एवढेच असेल, तर तेथील शिक्षकाला ती मध्यम प्रतीची आहे यापलीकडे काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिले तर? ‘परिच्छेद वाचते, जोडाक्षरांवर थांबते; वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगते. सूचना दिली तर पाच-सहा वाक्ये लिहिते, विरामचिन्हे नाहीत. तीन अंकी बेरीज पक्की. वजाबाकीत वरच्या संख्येत शून्य आले की अडते. भागाकार अद्याप शिकवलेला नाही. धाकट्या भावाला सांभाळावे लागत असल्याने वर्गात त्याला घेऊन येण्याचा संभव आहे, येऊ द्यावे.’ नवा शिक्षक पहिल्याच दिवशी कोठून सुरुवात करावी हे जाणतो. शेवटचे वाक्य कोणत्याही रकान्यात बसत नाही, आणि कदाचित तेच तिला शाळेत टिकवून ठेवील. कर्नाटकात गेलेल्या मुलांची अडचण याहून निराळी आहे. बेळगावकडील काही भागात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. इतरत्र शाळेची भाषाच बदलते आणि कार्ड वाचणाराही भेटणे कठीण होते.

ही नोंद करण्यासाठी शिक्षकाला वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही. जूनपासूनच्या वह्या, तोंडी कामाच्या खुणा आणि पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन हाताशी असतेच. अडचण येते ती वेळेची. दिवाळीपूर्वीच्या संकलित मूल्यमापनाचे कागद तपासून होण्याच्या आतच काही बिऱ्हाडे निघालेली असतात. म्हणून कोणती कुटुंबे जाणार याची यादी भाद्रपदातच करून, त्या मुलांच्या नोंदी आधी पूर्ण करणे श्रेयस्कर ठरते. गावात कोणी कोणाची उचल घेतली, हे तोवर सर्वांना ठाऊक असते, शाळेलाही असावे.

पाचवीची परीक्षा

२०१० पासून आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवावयाचे नाही असा नियम होता. केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केल्यानंतर महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. पाचवीला प्रत्येक विषयास ५० व आठवीला ६० गुण ठेवण्यात आले. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षेची संधी द्यावयाची आणि त्यातही ते अनुत्तीर्ण झाले तर त्याच वर्गात ठेवावयाचे, असे ठरले. परीक्षा नसल्याने मुले मागे राहतात, असे मानणाऱ्या पालकांची व शिक्षकांची संख्या मोठी होती. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. श्रेणी लिहून पुढे ढकललेले मूल पुढच्या वर्गात अधिकच हरवते.

परंतु बालाघाटावरील पाचवीच्या मुलाला ही परीक्षा एप्रिलमध्ये, फडावरून परतताच किंवा परतण्यापूर्वीच गाठते. पहिल्या सत्राची चांगली नोंद त्याला या परीक्षेत गुण मिळवून देऊ शकत नाही. पुनर्परीक्षेपूर्वीचे मोजके आठवडे कशावर खर्च करावयाचे, हे मात्र तीच सांगू शकते. सर्व पुस्तक पुन्हा शिकवण्याइतका अवधी नसतो. ऑक्टोबरमधील नोंद उघडावी, मुलाला शेजारी बसवून तोंडी वीस मिनिटे बोलावे, वजाबाकी कोठे अडली होती आणि आता कोठे अडते ते पाहावे. सहा महिन्यांत विसरलेले आणि मुळात कधीच न शिकवलेले, यांत भेद करावा; पहिले थोड्या उजळणीने परत येते, दुसऱ्यासाठी नव्याने पाठ घ्यावा लागतो. ज्या शाळेने मुलाला आपल्या वर्गात बसवून घेतले, तिचे हजेरीपत्रक व नोंद कार्डाबरोबर परत आली असेल, तर हे काम निम्म्याने हलके होते. ती आली नसेल तर मुलालाच विचारावे: तिकडच्या शाळेत कोणता धडा चालू होता, आणि तेथे किती दिवस गेलास?